कुणबीण, काफरी आणि अमेरिकेंतील यादवी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इ. स. १८६१ पासून १८६५ पर्यंत जी यादवी माजली, तिचें मूळ कारण गुलामगिरी कीं दुसरें कांहीं, हा वाद त्या देशांत आज दीडशेंहून अधिक वर्षें चालू आहे. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणारांस या परदेशी वादाशीं काय कर्तव्य, अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे, व तिचें उत्तर आधींच देऊन ठेवणें बरें. त्या युद्धांत पराभूत झालेल्या दक्षिणेकडील पक्षानें आपल्या पूर्वजांच्या समर्थनार्थ जे युक्तिवाद रचले, तेच युक्तिवाद, जवळजवळ त्याच क्रमानें, पेशवाईंतील कुणबिणींविषयीं लिहितांना आमच्यांतील चांगल्या चांगल्या लेखकांनीं केलेले आहेत. आमचे येथें दास्य होतें खरें, पण तें सौम्य होतें. धनी अन्नवस्त्र देई, आजारपणांत औषधपाणी करी, घरच्या माणसाप्रमाणें वागवी. सबब त्यास गुलामगिरी म्हणणें हा शब्दाचा दुरुपयोग होय, असें तें समर्थन. तिकडील वाद बारकाईनें पाहिला असतां इकडील वादाचा निकाल लावण्यास साह्य होतें. शिवाय त्या यादवीनें निर्माण केलेला पैसा ज्या मार्गानें मुंबईस पोंचला तो मार्ग कल्याण व ठाणें या दोन गांवांवरूनच गेलेला आहे, हें निराळेंच.

प्रथम शब्दांचा विचार करूं. गुलाम हा शब्द अरबींतून फारसीच्या द्वारें आपल्याकडे आला. परंतु वस्तु त्या शब्दाबरोबर आली असें मानण्याचें कारण नाहीं. दास व दासी हे शब्द संस्कृतांत पुरातन आहेत, आणि मराठींत बटीक, बटकी, कुणबीण, पोरगा, लेकवळा असा मोठा शब्दसमूह या एकाच संस्थेभोंवतीं वाढलेला आहे. मोल्सवर्थच्या कोशांत कुणबीण या शब्दाचा कुणब्याची बायको हा अर्थ तर आहेच. पण त्याबरोबर विकत घेतलेली दासी असाही आहे. एका कष्टाळू शेतकरी जातीच्या स्त्रीवाचक नांवास हा दुसरा अर्थ कां चिकटावा, याचा विचार ज्यानें त्यानें करावा. दुष्काळांत पोटासाठीं विकल्या गेलेल्या मुली बहुतांशीं कोणत्या घरांतून आल्या असतील, याचें उत्तर शब्दांतच सांठवलेलें दिसतें.

आतां कागद काय सांगतात तें पाहूं. पेशव्यांच्या रोजनिशींतून निवडलेले जे उतारे छापून प्रसिद्ध झाले आहेत, त्यांत कुणबिणींचे उल्लेख विपुल आहेत. कुणबीण विकत घेतली, तिची किंमत अमुक रुपये पडली. कुणबीण अमक्यास बक्षीस दिली. कुणबीण अमक्या किल्ल्याच्या अंबारखान्याकडे लावून दिली, अशा स्वरूपाच्या त्या नोंदी होत. किल्ल्यांवर, पागांत, कोठ्यांत व मुदपाकखान्यांत दळणें, कांडणें, पाणी वाहणें, शेणवारा करणें हीं कामें यांजकडे असत. सरकारास त्या दोन मार्गांनीं मिळत: एक खरेदीनें व दुसरा न्यायानें. बदकर्माचा आरोप शाबीत झालेल्या स्त्रीस सरकारांत कुणबीण करून ठेवण्याची शिक्षा त्या काळीं सर्रास होती. खाजगी गृहस्थांच्या घरीं लग्नकार्यांत आंदणाबरोबर दासी देण्याचीही चाल होती. सुटका होई, नाहीं असें नाहीं. परंतु ती बहुधा मोबदला देऊन, म्हणजे पैसा भरून किंवा आपल्या जागीं दुसरी कुणबीण उभी करून. एका बाईच्या सुटकेची किंमत दुसऱ्या बाईचें दास्य हा व्यवहार ज्या दप्तरांत शांतपणें लिहिला जातो, त्या दप्तरास सौम्य म्हणावयाचें झाल्यास सौम्य या शब्दाचा अर्थ बदलावा लागेल.

तथापि समर्थकांचें म्हणणें निराधार नाहीं, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. पेशवाई बुडाल्यावर लौकरच डॉ. कोट्स नांवाच्या इंग्रज वैद्यानें पुण्यानजीकच्या लोणी गांवाचें तपशीलवार वर्णन लिहिलें. त्यांत त्या गांवांतील दासांस ममतेनें वागविलें जातें, असा त्याचा अभिप्राय आहे. साखळदंड घातलेल्या शेंकडों माणसांकडून ऊंस किंवा कापूस काढून घेण्याची वेस्ट इंडीज बेटांतील अगर मिसिसिपीकांठची तऱ्हा देशावर किंवा कोंकणांत नव्हती, हें खरेंच आहे. पण यावरून निष्पन्न काय होतें? धनी दयाळू होता एवढेंच. धनी मेला, कर्जांत बुडाला किंवा रागावला म्हणजे त्या दयेचें काय होई, हा प्रश्न तसाच राहतो. दया हा धन्याचा गुण असतो. दास्य ही दासाची स्थिति असते. एकीवरून दुसरीचें मोजमाप करतां येत नाहीं. पानपतच्या संहारानंतर १७६१ सालीं अफगाणांनीं जीं बायकामुलें धरून नेलीं त्यांच्याविषयीं लिहितांना आपली लेखणी थरथरते. त्यांतील कित्येकांस काबूलकंदाहाराकडे दयाळू धनी मिळाले असतील, असें म्हणून कोणाही मराठी इतिहासकारानें आपल्या मनाचें समाधान करून घेतलेलें नाहीं.

या बाबतींत पेशव्यांच्या पूर्वींचा एक दाखला फार बोलका आहे. शिवाजी महाराज कर्नाटकच्या स्वारींत असतांना १६७७ सालीं त्यांनीं डच व्यापाऱ्यांस जो कौल दिला, त्यांत मुसलमानी अंमलांत तुम्हांस या मुलुखांत दासदासी विकत घेण्यास मोकळीक होती, ती आमच्या अंमलांत राहणार नाहीं, अशा आशयाचें स्पष्ट कलम आहे. पुढें १६८४ सालीं मुंबईचा बंडखोर गव्हर्नर केजविन याजबरोबर ठरलेल्या करारांत संभाजी महाराजांनींही आपल्या प्रजेंतील कोणास गुलाम किंवा ख्रिस्ती करण्यासाठीं इंग्रजांनीं विकत घेऊं नये, अशी अट घातली. या दोन कलमांवरून स्वराज्यांत कोणाच्याही घरीं दासी नव्हती, असें अनुमान काढणें अतिरेकाचें होईल. कलमांचा रोख परदेशी व्यापारावर व जहाजावर चढविल्या जाणाऱ्या रयतेवर आहे. परंतु माणसाची खरेदी ही राजानें थांबविण्याजोगी गोष्ट आहे ही जाणीव सतराव्या शतकांत आपल्या राज्यकर्त्यांस होती, एवढें त्यांवरून निर्विवाद सिद्ध होतें. मग त्या काळचे लोकच तसे, त्यांस आजच्या फूटपट्टीनें मोजूं नये, हें जें नेहमींचें उत्तर दिलें जातें, त्यांतला जोर पुष्कळच कमी होतो.

ठाणें प्रांताचा अनुभव याहून थोडा निराळा. वसईचा मुलूख १५३४ च्या तहानें पोर्तुगीजांकडे गेला व सुमारें दोन शतकें साष्टी, ठाणें व वसई हा टापू त्यांच्या अंमलाखालीं राहिला. पोर्तुगीज फिदाल्गोच्या घरीं आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आणलेले गुलाम असणें हें प्रतिष्ठेचें लक्षण समजलें जाई. काफरी हा शब्द आपल्याकडे त्यांच्यामुळेंच रूढ झाला. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें घेतलें व १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई सर केली, तेव्हां हा अंमल संपला. पण येथें एका गोष्टीकडे लक्ष वेधणें जरूर आहे. त्याच किनाऱ्यावर, थोडें दक्षिणेस, जंजिऱ्यास सिद्दी राज्य करीत होता. तोही मूळचा हबशीच. आणि मलिकंबर लहानपणीं गुलाम म्हणून विकला गेलेला असूनही निजामशाहीचा कर्ताकरविता झाला, व १६२६ सालीं मरेपर्यंत त्यानें मोंगलांस दाद दिली नाहीं. म्हणजे काळा वर्ण व दास्य यांची जी अभेद्य गांठ अमेरिकेंत मारली गेली होती, ती आपल्याकडे नव्हती. येथें हबशी राजा होऊं शकत होता, आणि गोऱ्या वर्णाची गरीब मुलगी कुणबीण होऊं शकत होती.

यावरून आपल्याकडे वंशाभिमान नव्हता, असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करूं नये. आपल्याकडील गांठ वर्णाशीं नसून जातीशीं होती. कुणबीण घेतांना तिच्या हातचें पाणी चालतें कीं नाहीं, हा मुख्य प्रश्न असे. विकत घेतलेली कुणबीण अस्पृश्य जातीची असल्याचें मागाहून उघडकीस आलें व त्यामुळें घरांतील मंडळींस प्रायश्चित्त घ्यावें लागलें, अशीं प्रकरणेंही त्या काळच्या कागदांत सांपडतात. प्रायश्चित्त धन्यानें घ्यावयाचें, आणि तें माणूस विकत घेतल्याबद्दल नव्हे! कुणबिणीच्या संततीस लेकवळे, कडू, अक्करमाशे हीं नांवें पडून तिच्या पिढ्यांवर जो शिक्का बसला, तो दास्य संपल्यावरही पुसला गेला नाहीं. कायद्यानें मुक्त झालेल्या निग्रोवर अमेरिकेंत जो बहिष्कार पुढें शंभर वर्षें चालला, त्याची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं.

आतां अमेरिकेकडे वळूं. यादवी हा आपला शब्द मोठा मार्मिक आहे. भागवतांतील कथेप्रमाणें यादवांनीं प्रभासक्षेत्रीं एकमेकांस ज्या एरका गवतानें मारलें, तें गवत शापाच्या मुसळाच्या चूर्णांतून उगवलेलें होतें. गवत दिसतें, मुसळ दिसत नाहीं. दक्षिणेकडील पक्षाचे कैवारी ज्या कारणांकडे बोट दाखवितात, म्हणजे आयातीवरील जकात आणि संस्थानांचे स्वतंत्र हक्क, त्यांची गोष्ट अशीच आहे. जकातीचेंच पाहा. १८५७ च्या कायद्यानें जकात उतरलेली होती. ती पुनः चढविणारा कायदा १८६१ च्या मार्च महिन्यांत मंजूर झाला, व तोंपर्यंत सात संस्थानें फुटून बाहेरही पडलीं होतीं. त्यांतलें पहिलें, साउथ कॅरोलिना, २० डिसेंबर १८६० रोजींच निघालें होतें. जें अजून घडलें नाहीं तें कारण व जें आधींच घडलें तें कार्य, असा हा उलटा न्याय आहे. संस्थानांच्या हक्कांविषयीं बोलावयाचें तर पळून गेलेले गुलाम परत धरून देण्यासाठीं मध्यवर्ती सरकारानें उत्तरेकडील संस्थानांवर बळजबरी करावी, हा १८५० चा कायदा दक्षिणेनेंच मागून घेतला होता. साउथ कॅरोलिनानें फुटतांना जें कारणपत्र प्रसिद्ध केलें, त्यांत तक्रार आहे ती उत्तरेकडील संस्थानें हा कायदा पाळीत नाहींत अशी. म्हणजे संस्थानांनीं आपले हक्क वापरले, हीच फिर्याद!

मिसिसिपीच्या कारणपत्रांत तर आडपडदाच नाहीं. आपली बाजू व गुलामगिरीची संस्था एकच आहे, असें त्यांत मोकळेपणानें म्हटलेलें आहे. फुटलेल्या संस्थानांच्या नव्या राज्याचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यानें २१ मार्च १८६१ रोजीं सव्हाना येथील व्याख्यानांत निग्रो हा गोऱ्याच्या बरोबरीचा नाहीं या तत्त्वावर आपलें राज्य उभारलें आहे, असें सांगितलें. हाच स्टीफन्स पराभवानंतर ग्रंथ लिहूं लागला तेव्हां युद्ध राज्यघटनेच्या अर्थाविषयीं झालें, असें प्रतिपादूं लागला. युद्धापूर्वींचा साक्षीदार व युद्धानंतरचा साक्षीदार एकच, आणि जबान्या दोन. अशा वेळीं इतिहाससंशोधकानें कोणती जबानी ग्राह्य धरावयाची याचा नियम आपल्या मंडळींस सांगण्याची आवश्यकता नाहीं. प्रसंग घडत असतांना, लपविण्याचें कारण उत्पन्न होण्यापूर्वीं, लिहिलेला कागद हा बखरीपेक्षां केव्हांही अधिक विश्वसनीय.

येथें दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. दक्षिण फुटली ती गुलामगिरी राखण्यासाठीं, हें वरील पुराव्यानें ठरतें. उत्तर लढली ती आरंभापासून गुलामांच्या मुक्ततेसाठीं, असें मात्र ठरत नाहीं. लिंकननें अधिकारावर येतांना जेथें गुलामगिरी आहे तेथें हात घालणार नाहीं, असें आश्वासन दिलें होतें. १८६२ सालींही राज्याचें ऐक्य राखणें हाच आपला मुख्य हेतु असल्याचें त्यानें लिहिलें. मुक्ततेचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा, व तोही बंडखोर प्रदेशापुरता. उत्तरेकडील कितीएक संस्थानांत काळ्या मनुष्यास मताचा अधिकार नव्हता. वंशद्वेष उत्तरेंतही होता. फक्त त्याच्या रक्षणासाठीं राज्य मोडण्यास उत्तर तयार नव्हती. १८६० च्या खानेसुमारींत गुलामांची संख्या सुमारें साडेएकोणचाळीस लक्ष भरली होती. या लोकांपैकीं हजारों युद्ध सुरू होतांच मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांत शिरले, आणि पुढें सुमारें १ लक्ष ८० हजार काळे शिपाई उत्तरेच्या सैन्यांत लढले. ऐक्यासाठीं सुरू झालेलें युद्ध मुक्ततेचें झालें त्यांत या लोकांच्या स्वतःच्या पायांचा व हातांचा वांटा जाहीरनाम्याइतकाच मोठा होता. डिसेंबर १८६५ मध्यें घटनेची तेरावी दुरुस्ती संमत होऊन गुलामगिरी कायद्यानें संपली. तोंपर्यंत सहा लक्षांहून अधिक माणसें मेलीं होतीं.

या संहाराचा धूर आपल्याकडे पोंचला तो सोन्याच्या रूपानें. लँकेशायरच्या गिरण्यांस लागणारा सुमारें चारपंचमांश कापूस अमेरिकेचा असे. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविल्यावर तो बंद पडला, आणि खानदेश, वऱ्हाड व गुजराथ येथील कापसास कधीं न ऐकलेला भाव आला. बोरीबंदर ते ठाणें हा लोहमार्ग १८५३ सालीं व ठाणें ते कल्याण १८५४ सालीं सुरू झाला होता; १८६१ सालीं तो कसाऱ्यास पोंचला. बोर घाट १८६३ सालीं खुला झाला, थळ घाट मात्र १ जानेवारी १८६५ पर्यंत तयार नव्हता. त्यामुळें यादवीच्या बहुतेक काळांत खानदेशच्या गठ्ठ्यांस थळ घाट बैलगाडीनें उतरावा लागे, व मग कसाऱ्यास आगगाडी मिळे. दोन्ही घाटांचे फांटे कल्याणास मिळत व तेथून सर्व माल ठाण्यावरून मुंबईस जाई. ठाण्यांत खोपट म्हणून जो भाग आहे तो जुन्या आग्रारस्त्यावरचा. आज तेथें राज्य परिवहनाच्या गाड्यांचें आगार आहे. खोपट म्हणजे गवतानें शाकारलेली झोंपडी. युद्धाच्या पांच वर्षांत मुंबईनें कापसाच्या वाढीव भावापायीं सुमारें आठ कोटि पौंड मिळविल्याचा तत्कालीन अंदाज आहे. तो पैसा या रस्त्याच्या कडेच्या खोपटांत किती उतरला असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. शेअरांच्या सट्ट्याची व प्रेमचंद रायचंदाची हकीकत सर्वश्रुत आहे. युद्ध थांबलें, भाव कोसळले, १ जुलै १८६५ रोजीं वायद्यांचा फुगा फुटला व पुढें मुंबई बँकही बुडाली. देशावरील कुणब्यानें तेजीच्या काळांत काढलेलें कर्ज मंदींत फिटेना. १८७५ सालीं सुपें येथून जे सावकारांविरुद्ध दंगे पसरले, त्यांच्या कारणांत चौकशीमंडळानें या तेजीमंदीचीही गणना केली आहे.

उपासमार सोसूनही मँचेस्टरच्या कांहीं कामगारांनीं १८६२ च्या अखेरीस लिंकनला पाठिंब्याचें पत्र धाडलें. आपल्याकडे या युद्धाच्या नैतिक बाजूची दखल ठसठशीतपणें घेतली ती कापसाच्या व्यापाऱ्यांनीं नव्हे, तर पुण्याच्या जोतीराव फुले यांनीं. १८७३ सालीं प्रसिद्ध केलेला आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनीं निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला. हा ग्रंथ कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचा इतिहास नव्हे. जोतीराव व धोंडिबा यांच्या संवादांतून शूद्रातिशूद्रांची स्थिति हीच गुलामगिरी, व ती परदेशाहून आलेल्या आर्यभटांनीं लादली, असें त्यांत मांडलें आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमालेंत फुल्यांच्या लेखनावर कडक टीका केली. पुराणांतील अवतारकथांचा जोतीरावांनीं लावलेला ऐतिहासिक अर्थ पुराव्याच्या कसोटीस उतरत नाहीं, व जात ही एका वंशानें दुसऱ्यास जिंकल्याची केवळ खूण आहे हें मत आज जसेंच्या तसें कोणी अभ्यासू पतकरणार नाहीं. पण टीकाकारांनीं ग्रंथाच्या इतिहासाची चिरफाड केली आणि त्याचा प्रश्न बाजूस ठेवला. तो प्रश्न असा: दूरच्या देशांतील दास्य ज्यांस दिसतें, त्यांस दारांतील कां दिसत नाहीं? पुढें कोलंबिया विद्यापीठांत १९१३ पासून शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनीं १९४६ सालीं निग्रोंचे पुढारी डु बॉइस यांस पत्र लिहून त्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची माहिती मागविली, तेव्हां तोच प्रश्न ते विचारीत होते.

आपल्याकडे यादवी न होतां गुलामगिरी गेली, याचा कित्येकांस अभिमान वाटतो. ती कशी गेली हें पाहण्यासारखें आहे. १८४३ च्या पांचव्या कायद्यानें कोणीही दास मुक्त झाला, असें जाहीर केलें नाहीं. दासावरील मालकीचा हक्क कोर्ट बजावून देणार नाहीं, दास म्हणून कोणाची मिळकत हिरावली जाणार नाहीं, आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जो गुन्हा तोच दासाविरुद्धही गुन्हा, एवढेंच त्यांत होतें. खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला १८६२ पासून अमलांत आलेल्या दंडसंहितेनें. ब्रिटिश वसाहतींतील धन्यांस १८३३ च्या कायद्यान्वयें दोन कोटि पौंड नुकसानभरपाई मिळाली. येथें ती द्यावी लागली नाहीं, कारण घेतलें कांहींच नव्हतें. कुणबिणीस कोणी येऊन सांगितलें नाहीं कीं तूं सुटलीस. त्याच सुमारास नाशिकजवळ शरणपुरास अरबांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांसाठीं मिशनऱ्यांनीं आश्रम चालविला होता. तेथें शिकलेला जेकब वेनराइट १८७४ सालीं लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर लंडनच्या वेस्टमिन्स्टर मंदिरापर्यंत गेला. परक्या गुलामांच्या मुक्ततेची अशी कथा सांगतां येते. घरच्यांची सांगण्यास कागदच नाहीं.

आणि विक्रीखत गेलें तरी कर्जखत राहिलेंच. जुन्या ठाणें जिल्ह्याच्या उत्तरेकडील डहाणू, उंबरगांव या तालुक्यांत (डहाणू २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे) वारली तरुण लग्नाच्या खर्चासाठीं सावकाराचे थोडे रुपये काढी, आणि तें कर्ज फिटेपर्यंत तो व त्याची बायको अशीं दोघें त्या सावकाराचीं लग्नगडी होत. तें बहुधा फिटत नसे. १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या सिमिंग्टन यांच्या सरकारी अहवालांत या पद्धतीचें वर्णन आहे, म्हणजे १८४३ च्या कायद्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं. १९४५ सालीं वारल्यांनीं गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या पुढारीपणाखालीं वेठ व लग्नगडीपण नाकारलें. त्या वर्षींच्या आक्टोबरांत तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनीं गोळीबार केला व माणसें मेलीं. घटनेच्या तेविसाव्या कलमानें वेठबिगार १९५० सालीं निषिद्ध झाली, तरी वेठबिगारी निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला तो १९७६ सालीं.

ठाणें, कल्याण, भिवंडी व वसई येथील जुन्या घराण्यांकडून आजवर सनदा, वतनपत्रें व महजर पुष्कळ प्रसिद्धीस आले. जमाखर्चाच्या वह्या मात्र क्वचितच बाहेर येतात. त्यांत पुराणपुरुषांचा पराक्रम नसतो, म्हणून त्या रद्दींत जातात. अंबाडीचा दोर, तेलाचा बुधला व कुणबिणीचें लुगडें यांच्या नोंदी त्याच पानावर सांपडावयाच्या. ज्यांच्याकडे अशा वह्या शिल्लक असतील त्यांनीं त्या वाळवीस देण्यापूर्वीं संशोधकांपुढें ठेवाव्या; विशेषतः १८४३ च्या पुढील वीस वर्षांच्या, कारण खरेदीच्या सदरांतलीं नांवें चाकरीच्या किंवा कर्जाच्या सदरांत केव्हां गेलीं, तें त्यांतच सांपडेल.